हाताच्या मुंग्यांचा इतिहास

नाशकांत तांब्यापितळेचीं भांडीं घडविणाऱ्या एखाद्या कारागिराला मध्यरात्रीं जाग यावी, अंगठा व त्याशेजारचीं दोन बोटें बधिर झालेलीं असावीं आणि हात झटकल्यावांचून पुन्हा झोप लागूं नये, असें घडलें तर घरचीं माणसें सहजच हातोड्याला बोल लावतील. परंतु जिनें हातोडा कधीं हातीं धरला नाहीं अशा स्थूल गृहिणीलाही हीच व्यथा जडते. मग दोष हाताच्या श्रमांचा कीं साऱ्या देहाचा? या प्रश्नाचें उत्तर वैद्यकाच्या इतिहासांत फार सावकाश उलगडलें.

हातापायांची आग व बधिरता यांची गणना चरकानें प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत केली आहे. सुश्रुतानें प्रमेही दोन प्रकारचे सांगितले: जन्मतःच तो दोष घेऊन आलेला कृश, आणि अपथ्यानें रोग ओढवून घेतलेला स्थूल. मनगटांतील नेमकी जागा त्यांना ठाऊक होती असें म्हणतां येणार नाहीं. हाताची बधिरता साऱ्या देहाच्या विकाराशीं जोडून पाहण्याची दृष्टि मात्र त्यांच्यापाशीं होती.

ती जागा सांपडली पश्चिमेकडे. १८५४ सालीं लंडनच्या जेम्स पॅजेट यांनीं मनगट मोडल्यानंतर तेथील मज्जातंतु दाबला गेल्याचें वर्णन केलें. १८८० सालीं बोस्टनच्या जेम्स पुटनम यांनीं रात्रीं हात बधिर होणाऱ्या रुग्णांची हकीकत लिहिली. त्यांत बहुतेक स्त्रियाच होत्या. १९१३ सालीं पॅरिसच्या मारी व फ्वा यांनीं शवविच्छेदनांत मनगटावरील आडव्या बंधाखालीं चेपलेला तंतु दाखविला. हा बंध म्हणजे एका अरुंद बोगद्याचें छत, आणि मनगटाचीं हाडें ही त्याची जमीन. आंतून नऊ कंडरा व एक तंतु जातो. तेथें दाब वाढला कीं पहिली झळ तंतूस लागते. यावरूनच या विकारास कार्पल टनेल सिंड्रोम हें नांव मिळालें.

पुढें १९६६ सालीं क्लीव्हलँडच्या जॉर्ज फॅलन यांनीं ६५४ हातांचा अनुभव प्रसिद्ध केला. रुग्णांत मध्यम वयाच्या स्त्रियांचाच भरणा असल्यानें केवळ धंद्यास दोष देणें त्यांस पटेना. मधुमेहाचा संबंधही त्यांनीं नोंदविला. १९९४ सालीं अमेरिकेंतील वर्नर प्रभृतींस स्थूलांत या विकाराचा संभव सडपातळांच्या अडीचपट आढळला. रक्तांतील वाढलेली साखर कंडरा ताठर करते व तंतूस पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडविते; मग थोडा दाबही तंतूस सोसवत नाहीं. म्हणून हातोडा निर्दोष ठरतो असें नव्हे. जोराची पकड व हादरे यांनींही तंतु दुखावतो. देह आधींच बिघडलेला असला तर ओझें दुहेरी होतें, इतकेंच.

येथें सडपातळ वाचकानें निर्धास्त होऊं नये. २००४ सालीं पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं स्वतःचींच मापें लॅन्सेट या नियतकालिकांत छापलीं. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच, निर्देशांक २२.३; परंतु युडकिनांच्या अंगीं मेद शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या अंगीं २१.२! आपल्याकडील बारीक माणसाच्या पोटींही मेद लपलेला असतो, तो तराजूस दिसत नाहीं.

१९९८ सालीं नाशकांत महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालें. चरकाचे विद्यार्थी आणि पॅजेटचे वारसदार तेथें एकाच छत्राखालीं येतात, हें या विकाराच्या इतिहासाला साजेसेंच आहे. रात्रीं हात वारंवार झटकावा लागत असेल तर तेल चोळून वर्षें घालवूं नयेत. वैद्याकडून मनगट तपासून घ्यावें, आणि रक्तांतील साखर, थायरॉइड व कमरेचा घेरही पाहावा. आरंभीं रात्रीं मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधूनही पुष्कळांस उतार पडतो. अंगठ्याच्या मुळाशीं असलेलें मांस एकदा झडलें तर तें पुन्हा भरेलच असें नाहीं; आणि अंगठा दुबळा झाला कीं हातोडा काय, लेखणी काय, दोन्ही सारखींच जड होतात.