सागवान बीजाचे मूलस्थान : वनलागवडीच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रश्न

भारतातील वनलागवडीचा इतिहास सांगताना निलांबूरचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. मलबारचे जिल्हाधिकारी हेन्री कोनोली यांनी १८४० च्या दशकात, जहाजबांधणीच्या लाकडाची टंचाई ओळखून, तेथे सागवानाची लागवड आरंभिली. कठीण कवचाचे हे बी सहजासहजी रुजत नाही. त्यामुळे आरंभीचे प्रयत्न फसले. अखेर चातू मेनन यांच्या देखरेखीखाली रोपे तयार झाली. तेथील जुना वृक्षखंड ‘कोनोली प्लॉट’ या नावाने आजही जतन केलेला आहे. बी रुजवावे कसे, या चिंतेपुढे ते आणावे कोठून, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ मागे पडला.

वास्तविक हा दुसरा प्रश्न अधिक दूरगामी होता. सागवानाचा पहिला फुलोरा शेंड्याला येतो आणि तेथेच खोड दुभंगते. फुलण्याची वेळ बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. लवकर फुलणारे झाड आखूड बुंध्याचे होते, पण बी तेच लवकर व मुबलक देते. उंच, सरळ झाडाचे बी उशिरा येते आणि गोळा करणेही कष्टाचे. जेथे बियांचा हिशेब केवळ वजनावर होतो, तेथे निकृष्ट झाडाची सरशी होणार हे उघड आहे.

बी परदेशी गेले तेही योगायोगानेच. त्रिनिदादला १९१३ मध्ये ब्रह्मदेशातील तेनासरीमचे बी पोहोचले. पनामाला १९२६ मध्ये श्रीलंकेतून बी मिळाले आणि तेथून ते मध्य अमेरिकेत पसरले. (श्रीलंका हे सागवानाचे मूळ घर नव्हेच, तेथेही ते बाहेरून आलेले.) एका खेपेवर अनेक देशांतील वनांचे भवितव्य ठरले.

भारतात १९३० च्या सुमारास निरनिराळ्या प्रांतांतील बी शेजारी शेजारी लावून तुलना सुरू झाली. पुढे १९७० च्या दशकात डेन्मार्कमधील वनबीज केंद्राच्या पुढाकाराने सुमारे ७५ मूलस्थानांचे बी अनेक देशांत लावण्यात आले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात वाढ, खोडाचा सरळपणा व फुलण्याचा काळ यांत मूलस्थानानुसार मोठी तफावत आढळली. पश्चिम किनाऱ्यावरील दमट वनांचे बी दमट प्रदेशांत जोमाने वाढले. अंतर्भागातील कोरड्या वनांचे बी मागे राहिले.

हे निष्कर्ष हाती असतानाच १९९० च्या दशकात भरघोस परताव्याचे आश्वासन देणाऱ्या सागवान योजनांचे पेव फुटले. महाराष्ट्रातही आलापल्लीच्या सागवानाचा लौकिक सर्वश्रुत होता. परंतु रोप कोणत्या वनातील बियांचे, हे विचारण्याचे साधन सामान्य गुंतवणूकदाराकडे नव्हते. सेबीने १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले. त्यांचा विषय पैसा होता, बी नव्हे. जर्मनीने १९३४ मध्येच वनबीजासाठी स्वतंत्र कायदा केला होता. भारताच्या १९६६ च्या बियाणे कायद्यात मात्र अन्नपिके, तेलबिया, फळे, भाजीपाला, कापूस आणि वैरण यांचे बियाणे आले, १९७२ मध्ये तागाची भर पडली. वनवृक्षांचे बी त्या व्याख्येत आले नाही.