थोरली, धाकटी आणि सात पावलं

तुम्ही मुदखेडला उतरता तेव्हा वैशाखाचं ऊन मी म्हणत असतं. साल 1947. मीटरगेजची गाडी कोळशाचा धूर मागे ठेवून उमरीकडे निघून जाते. खिशात कलदार रुपया असला तर राहू द्या, इथे निजामाचा हाली सिक्का चालतो. कचेरीतला कारकून कागदावर फसली 1356 घालतो, तेही उर्दूत. गावातली बोली मात्र मराठीच, जरा खणखणीत.

हलगीच्या आवाजामागे गेलात की मांडव सापडतो. नवरदेव चाळिशीचा, नवरी सोळाची असेल नसेल. बाशिंगाआड तिचा चेहरा दिसत नाही. तुमची नजर जाते ती तिसऱ्याच बाईकडे. मागच्या मेढीशी बसून ती परातीत अक्षदा रंगवतेय. इकडे अक्षदा ज्वारीच्या. कुंकवाच्या पाण्याने तिची बोटं लालभडक झालीत. एकही दाणा पांढरा राहू नये म्हणून ती तळापासून हात फिरवते. ही थोरली. तिला मुलगा नाही म्हणून आज धाकटी येतेय.

"थोरलीनं हो म्हणलं की," शेजारचा म्हातारा न विचारताच सांगतो. "नाही म्हणून जाती कुठं? अन् रानात दोन हात वाढतेत."

सोलापूरहून आलेला पाहुणा पान जुळवता जुळवता म्हणतो, "आमच्याकडं आता असं लगीन लागत नाही. सात साल आत टाकतात."

सगळे हसतात. जोशीबुवाही हसतात. "ते इंग्रजी मुलुखात, बाप्पा!"

पाहुणा थापा मारत नाही. 1946 मध्ये, बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ असताना, मुंबई इलाख्यात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घालणारा कायदा झाला. पहिली बायको हयात असताना लावलेलं लग्न रद्द, नवऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद, शिवाय लग्न लावणाराही शिक्षेला पात्र. हद्द ओलांडून लग्न उरकलं तरी इलाख्यातल्या रहिवाशाची सुटका नव्हती. कायदा लिहिणाऱ्यांना नवरदेवांची चाल चांगलीच ठाऊक होती म्हणायची.

इथे, निजामाच्या मराठवाड्यात, तेच पंचांग आणि त्याच मंगलाष्टका. हिंदूंचं लग्न शास्त्र आणि रूढीवर, मुसलमानांचं शरियतवर. दरबार त्यात पडत नाही. प्रजेच्या धर्मात हात घालायचा नाही, हे दुरून मोठं उदार वाटतं. परातीपाशी बसून पाहा.

"सावधान" होतं. तुमच्या मुठीतल्या अक्षदा तिनेच रंगवलेल्या असतात. सगळे टाकतात, तुम्हीही टाकता.

आता चार वर्षं पुढे या, मुंबईला. 1951 चा जुलै. हायकोर्टाच्या बाकावर दाटीवाटीने बसा. समोर मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर. खटल्याचं नाव नरसू अप्पा माळी. वाद त्याच 1946 च्या कायद्याचा. नवीन राज्यघटनेत समानता आहे आणि धर्मस्वातंत्र्यही आहे. मग हिंदूलाच बंदी आणि मुसलमानाला मोकळीक, हे कसं? आणि मोक्षासाठी पुत्र हवा असं शास्त्र सांगत असताना सरकार दुसरी बायको अडवणार कोण?

छागलांचं उत्तर सरळ होतं. पुत्र दत्तकही घेता येतो. श्रद्धेला घटनेचं संरक्षण आहे; आचार जेव्हा समाजहिताच्या आड येतो तेव्हा त्याला वाट सोडावी लागते. दाखला त्यांनी काढला थेट अमेरिकेतला. तिथे मॉर्मन पंथाचे लोक अनेक बायका करणं हा धर्माचा भाग मानत. 1862 पासून तिथलं सरकार कायद्यामागून कायदे करत गेलं, 1879 मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने धर्माची सबब फेटाळली आणि 1890 मध्ये पंथप्रमुखाने स्वतःच ती प्रथा सोडायला सांगितली. सॉल्ट लेकचा तो तंटा इथे आपल्या एका माळ्याच्या खटल्यात कामी आला. कायदा टिकला. पण त्याच निकालात असंही ठरलं की व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीला लावायचे नाहीत. एका दाराला कुलूप घातलं, दुसऱ्याची किल्ली विधिमंडळाच्या हातात ठेवली. माझ्या मते आजवरची निम्मी भांडणं त्या किल्लीवरून आहेत.

त्याच वर्षी सप्टेंबरात, हिंदूंचे लग्न-वारशाचे नियम देशभर एक करू पाहणारं हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं. पुढच्या निवडणुकीत फुलपूरला एक ब्रह्मचारी याच बिलाच्या विरोधात नेहरूंसमोर उभे राहिले आणि पडले.

18 मे 1955. परत मुदखेडला या. निजामाचं राज्य जाऊन सात वर्षं होत आली, पण मराठवाडा अजून हैदराबाद राज्यातच आहे. आज त्या रखडलेल्या बिलातूनच निघालेला हिंदू विवाह कायदा लागू होतो. दवंडी नाही, काही नाही. कालपर्यंत इथला हिंदू दोन बायका बिनदिक्कत करत होता, आजपासून करू शकत नाही. सोलापूरचा पाहुणा आठ वर्षांनी खरा ठरला. आधीच लागलेली लग्नं मात्र कायम. त्या कायद्यात एक कलम बारीक अक्षरात बसलंय: अशा घरातल्या थोरलीला, आणि धाकटीलाही, सवत हयात आहे एवढ्याच कारणावर घटस्फोट मागता येईल. परातवाली बाई नांदेडच्या कोर्टात जाईल? माहेरचं दार बंद, नावावर गुंठाभर जमीन नाही. ती चुलीवरची भाकरी उलटते.

आणखी सात-आठ वर्षं. या वेळी रात्रीचे दहा वाजलेत. हलगी नाही, मांडव नाही. कंदील, चौरंग, तांब्यावर विड्याची पानं आणि नारळ. दोन हार. मुदखेडची फुलं हैदराबादच्या बाजारापर्यंत जातात, तेव्हा हारांना तोटा नाही. नवरा-नवरी हार घालतात, कपाळाला कपाळ लावतात. झालं. भटजी नाहीत, होम नाही, सप्तपदी नाही. कोणी म्हणेल, गरिबाचं साधं लग्न. घरात थोरली आहे हे कळलं की साधेपणाचा अर्थ बदलतो.

असंच एक लग्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, लोखंडे खटल्यात, 1965 साली. न्यायालय म्हणालं: होम आणि सप्तपदी झाली नाही, त्या जातीत त्यांच्याविना लग्न लागतं अशी रूढीही सिद्ध झाली नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी दुसरं लग्न लागलंच नाही. मग गुन्हा कसला? नवरा सुटला. दुसरं लग्न थांबवायला निघालेल्या कायद्याला शेवटी अग्नी पेटला होता का, पावलं सात पडली का, हेच विचारावं लागलं. दुसरं लग्न करायचं तर भटजीला बोलवू नका, एवढा धडा गावोगावी पोचायला वेळ लागला नाही. या निकालावर मी अनेकदा चिडलो आहे. कायदा वाचून मग गप्पही बसलो आहे.

सगळा फटका धाकटीला. 1988 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका बाईला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तुझं लग्न मुळातच रद्द, तेव्हा पोटगी नाही. 2013 मध्ये, तेही महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, पहिलं लग्न लपवून फसवलेल्या दुसरीला पोटगी मिळाली. मधली पंचवीस वर्षं कोणी कशी काढली, ते कोणत्या निकालपत्रात येत नाही.

आणि शेजारचा मोहल्ला? 18 एप्रिल 1966 ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा. सात बाया, मागे शिव्या देणारे कितीतरी. एका दमात दिलेला तिहेरी तलाक 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. बहुपत्नीत्व मुस्लिम कायद्यात आजही वैध आहे. मात्र 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याला दुसरी बायको असल्याचं सांगणाऱ्या स्त्रिया मुस्लिमांत 1.9 टक्के आणि हिंदूंत 1.3 टक्के निघाल्या. मुभा असलेले आणि बंदी असलेले इतके जवळजवळ, हे सभेत सांगून पाहा. दोन्ही बाजूंना आवडत नाही.

आता आजच्या मुदखेडला या. पहाटे फुलांच्या करंड्या भरल्या जातायत. दुसऱ्या लग्नाच्या गुन्ह्याचं, दंड संहितेतलं कलम 494 आता भारतीय न्याय संहितेतलं 82 झालंय, शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत. 1998 च्या कायद्याने महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी करायची असते, गावात ग्रामपंचायतीत. नमुना ड नावाचा कागद. त्यात वराचा दर्जा विचारलेला असतो: अविवाहित, विधुर की घटस्फोटित. खाली लग्न लावणाऱ्या भटजीची किंवा काझीची सही. तुमच्या घरी लेकीचं, भाचीचं लग्न निघालं तर हार आणायला जाण्याआधी तो रकाना कोणी भरला आणि काय भरला, ते स्वतः वाचा.