गच्चीवरचं ओझं : माळवदापासून मेम्ब्रेनपर्यंत

मागच्या वेळी आपण भिंतींपाशी थांबलो होतो, आज वर चढू. ऑफिसची इमारत, मार्केट किंवा गोदाम सांभाळणारी मंडळी व्याख्यान संपलं की आम्हाला हमखास गाठतात आणि विचारतात, "गच्ची गळतेय. कोबा करू की मेम्ब्रेन टाकू?" उत्तर देऊच. पण आधी जरा मागे जाऊ या.

सपाट छप्पर आपल्याकडे काँक्रीटबरोबर आलं, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. देशावर, खानदेशात, मराठवाड्यात धाब्याची घरं पिढ्यान्‌पिढ्या होती. लाकडी तुळया, त्यांवर दाट फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मराठवाड्यात ह्यालाच माळवद म्हणतात. वर्षाला ५०० ते ८०० मिलिमीटर पाऊस, तोही तुटक. तिथे हे छप्पर चालतं, उन्हाळ्यात घर थंडही राहतं. कोकणात आणि मुंबईत दोन हजारांहून जास्त मिलिमीटर पडतो, तोही चार महिन्यांत. तिथे माती टिकणार कशी? म्हणून तिकडे उतरतं छप्पर, आधी गवताचं आणि नळ्यांचं. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला, त्यानंतर मंगलोरी कौलांचं.

माळवदाची एक खोड मात्र लक्षात ठेवा. गळायला लागलं की त्यावर नवी माती टाकायची. जुना थर उतरवणं कष्टाचं, म्हणून थरावर थर. काही घरांवर मातीची जाडी फुटा-दोन फुटांवर गेली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या भिंती कोसळल्या आणि डोक्यावरच्या ह्या जड छपरांनी हानी आणखी वाढवली. हजारो माणसं गेली. गळती थांबवायला टाकलेली माती, दुसरं काही नाही.

आता मुंबईत येऊ. १९१४ मध्ये पोरबंदरला सिमेंटचं व्यापारी उत्पादन सुरू झालं, १९३६ मध्ये दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. ह्याच काळात फोर्ट भागात आणि बॅकबेच्या भरावावर काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या. फोर्टातली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत १९३६ चीच. मजले वाढले, जागा महाग झाली. कौलांचा डोलारा परवडेना, आणि पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली ठेवायला गच्ची हवीच होती. पण दोन हजार मिलिमीटर पावसाखाली सपाट स्लॅब म्हणजे मोठं धाडसच.

त्यावर मिस्त्रींनी काढलेला तोडगा म्हणजे ब्रिकबॅट कोबा. कोबा हा शब्द चुन्याच्या जमान्यातला. चुना, विटांचे तुकडे, गुळाचं आणि बेलफळाचं पाणी, आणि थापीने दिवसचे दिवस ठोकणं. चुना गेला, सिमेंट आलं, नाव तेच राहिलं. विटांचे तुकडे उतार देऊन रचायचे, सांधे मसाल्याने भरायचे, भिंतीशी गोलसर वाटा काढायचा, वर गिलावा करून फूटभराचे चौकोन आखायचे. मग दोन आठवडे पाणी तुंबवून ठेवायचं. त्यात सिमेंट मुरतं आणि गळतीची परीक्षाही होते. आमच्या मते कोब्याचं खरं काम उतार देणं हेच. शंभर फुटांत फूटभर तरी पाणी खाली उतरलं पाहिजे. उतार चुकलेल्या गच्चीवर मेम्ब्रेन टाकली तरी पाणी शेवटी वाट काढतंच.

आता हिशेब करू. सरासरी १२० मिलिमीटर जाडीच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० ते २४० किलो. दहा हजार चौरस फुटांच्या गच्चीवर हे दोनशे टनांच्या आसपास जातं. मूळ डिझाइनमध्ये एका कोब्याचा भार धरलेला असतो, ठीक. पण लोकांच्या वावरासाठी भारतीय मानक गच्चीला चौरस मीटरमागे १५० किलोच धरायला सांगतं. म्हणजे जुना कोबा न काढता दुसरा ओतला, तर ती सगळी राखीव ताकद संपून वर तूट येते. आणि मुंबईत दुसरा काय, तिसरा कोबाही पाहायला मिळतो. जुना फोडायचा म्हणजे धूळ, आवाज, डेब्रिज उतरवायचा खर्च, भाडेकरूंची कुरकुर. माळवदाचीच गोष्ट, फक्त माती बदलली!

कोब्याचा दुसरा दोष म्हणजे तो पाणी लपवतो. भेग एका कोपऱ्यात, पाणी विटांमधून सरकत जातं आणि टपकतं दुसऱ्याच केबिनमध्ये. डाग दिसतो तिथे दुरुस्ती करणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं.

मग मेम्ब्रेन? पॉलिमर मिसळलेली डांबरी शीट गॅसच्या ज्वाळेने चिकटवतात. जाडी तीन-चार मिलिमीटर, वजन चौरस मीटरला चारेक किलो. वजनाच्या दृष्टीने तुलनाच नाही. पण ती मधोमध क्वचितच फाटते. फसते ती कडांना, पाण्याच्या पाइपांच्या तोंडाशी, पॅरापेटच्या सांध्यात. आणि ऑफिसच्या गच्चीवर एसीवाला येतो, बोर्डवाला येतो, केबलवाला येतो, प्रत्येक जण ड्रिल काढून चार बोल्ट मारून जातो. कोबा हे काही काळ सहन करतो, मेम्ब्रेन एक दिवसही नाही.

तर त्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं. नव्या इमारतीत उतार शक्यतो स्लॅबलाच द्या, वर मेम्ब्रेन, तिच्यावर संरक्षक थर, त्यावर हवं तर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा चायना मोझॅक. तो ऊनही परतवतो. मशिनांसाठी काँक्रीटचे ओटे आधीच बांधून घ्या, म्हणजे ड्रिलची गरज पडणार नाही. जुन्या इमारतीत मात्र कोटेशन मागवण्याआधी दोन-तीन जागी स्लॅबपर्यंत फोडून वर किती थर आहेत ते मोजा, आणि तो आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. एकाहून जास्त थर निघाले, तर आधी ते उतरवायचे. कोबा की मेम्ब्रेन, ते त्यानंतर.

आता प्रश्न घेऊ.