आतड्यातल्या नकोशा पेशीचा मागोवा

‘मानवी आतड्याच्या फायब्रोब्लास्ट’ अशी चिठ्ठी लावलेली, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेली कुपी आज संशोधकाला पैसे मोजून विकत घेता येते. एकेकाळी आतड्याच्या पेशी वाढवू पाहणारे लोक याच पेशींपासून सुटका कशी मिळेल, याच विवंचनेत असत.

फायब्रोब्लास्टची ओळख मात्र जुनी. ऊतींना सांधणाऱ्या, चातीसारख्या निमुळत्या पेशींचे वर्णन रुडॉल्फ विर्खो यांनी १८५८ मध्येच केले होते. १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातला मज्जातंतू लिम्फच्या थेंबात वाढवून दाखवला आणि ऊती शरीराबाहेरही जगवता येतात हे सिद्ध झाले. पाठोपाठ १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सी कॅरेल यांनी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा काचपात्रात ठेवला. ते संवर्धन १९४६ पर्यंत, म्हणजे कॅरेल वारल्यानंतरही दोन वर्षे चालू होते. धडधडणाऱ्या स्नायूपेशी त्यातून केव्हाच नाहीशा झाल्या होत्या, उरले होते ते फायब्रोब्लास्ट. पेशी अमर असतात हा समज त्यातूनच पक्का झाला.

तो मोडला फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये. लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले, की मानवी गर्भातले फायब्रोब्लास्ट साधारण पन्नास वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. म्हणूनच पेशी कितव्या पॅसेजची आहे, म्हणजे कितव्यांदा नव्या पात्रात हलवलेली आहे, हे कुपीवर आजही लिहावे लागते. फुप्फुसाचे फायब्रोब्लास्ट यानंतर लसनिर्मितीत गेले. पुण्यात बनणाऱ्या रुबेलाच्या लसीतला विषाणू मानवी द्विगुणित पेशींवर वाढवला जातो, त्या पेशी याच परंपरेतल्या.

आतड्याची गोष्ट मात्र रखडली. शस्त्रक्रियेतून आलेला तुकडा जंतूंनी भरलेला असतो, त्यामुळे तो प्रतिजैविकांच्या द्रावणात पुन्हापुन्हा धुवावा लागतो. आतल्या अस्तराच्या पेशी शरीरातच चार-पाच दिवसांच्या सोबती, बाहेर काढल्यावर त्या आणखी लवकर मरतात. उरलेला तुकडा बारीक चिरून फ्लास्कच्या तळाशी चिकटवला, वर वासराच्या गर्भाचे सीरम घातलेले माध्यम ओतले आणि फ्लास्क ३७ अंशांवर ठेवला, की काही दिवसांत तुकड्याच्या कडेने लांबोळक्या पेशी सरकत बाहेर येतात. गर्दी झाली की सगळ्या एकाच दिशेला कलतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली भोवऱ्यासारखी वळणे दिसू लागतात. ज्याला अस्तर हवे होते, त्याच्या दृष्टीने हे पिकात माजलेले तण होते.

अस्तराच्या पेशी म्हणून प्रयोगशाळांनी जे वापरले, त्याचीही एक दुःखद कथा आहे. १९५७ मध्ये फिलाडेल्फियात मानवी भ्रूणाच्या आतड्यापासून ‘इंटेस्टाइन ४०७’ ही पेशींची वंशावळ तयार झाल्याचे जाहीर झाले. जंतू आतड्याला कसे चिकटतात, हे त्या पेशींवर अभ्यासले गेले. प्रत्यक्षात त्या हेला पेशी होत्या, म्हणजे बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातल्या. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी अनेक वंशावळींत हेलाची भेसळ असल्याचे उघड केले, तरीही इंटेस्टाइन ४०७ आतड्याच्याच नावाने वापरली जात राहिली. माझ्या मते ही चूक नव्हे, बेपर्वाई होती.

फायब्रोब्लास्टचे दिवस पालटायला सुरुवात झाली ती १९६८ च्या सुमारास. मोठ्या आतड्याच्या प्रत्येक सूक्ष्म खळग्याभोवती फायब्रोब्लास्टचे वेष्टन असते, हे गॉर्डन के आणि सहकाऱ्यांनी दाखवले. १९७१ मध्ये ज्यूलिओ गब्बियानी यांनी भरत आलेल्या जखमेत आकुंचन पावणारे फायब्रोब्लास्ट ओळखले आणि त्यांना मायोफायब्रोब्लास्ट हे नाव मिळाले. तशाच गुणांची, एका तान्ह्या मुलीच्या मोठ्या आतड्यातून आलेली ‘सीसीडी-१८को’ ही पेशींची वंशावळ पुढे प्रयोगशाळांत रुळली.

२००९ मध्ये तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी एकाच मूळपेशीपासून आतड्याचे इवले रूप वाढवले, तेही फायब्रोब्लास्टशिवाय. पण त्यासाठी नॉगिन आणि आर-स्पॉन्डिन ही प्रथिने बाहेरून घालावी लागली. शरीरात असे संदेश मूळपेशीला मुख्यतः शेजारचे फायब्रोब्लास्ट पुरवतात. जी पेशी वर्षानुवर्षे खरवडून टाकली, तिच्या कामाची याहून मोठी कबुली कोणती? २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने एकेका पेशीत कोणती जनुके कार्यरत आहेत हे वाचले, तेव्हा मोठ्या आतड्यात फायब्रोब्लास्टचे अनेक प्रकार निघाले. त्यांतला एक प्रकार व्रणयुक्त आतड्यात बळावलेला होता.

क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारात याच पेशी कोलॅजन साठवत जातात आणि आतडे अरुंद होते. फुगा घालून ते रुंद करता येते किंवा शस्त्रक्रियेने तो भाग काढता येतो. साठलेले तंतू विरघळवणारे मान्यताप्राप्त औषध अजून एकही नाही. त्या औषधाचा शोध ज्या कुपीपासून सुरू होतो, तिच्यातल्या पेशी खरोखर चिठ्ठीवर लिहिल्या आहेत त्याच आहेत ना, याची डीएनए तपासणी प्रत्येक प्रयोगशाळेने पहिल्याच दिवशी करून घ्यावी.