८५०, १०२० आणि २८००: एका चपट्या बॅटरीची गोष्ट

नेहमीचा प्रश्न: फोनमध्ये जास्त एमएएचची बॅटरी टाकली तर चालते का? उत्तरासाठी आधी २००३ सालात जाऊ.

गोमाई नदीच्या एका काठाला शहादा, दुसऱ्या काठाला आमचं लोणखेडा. ऊस, केळी, पपईचा पट्टा. शेतीची लाईट बऱ्याचदा रात्री यायची आणि दिवसा लोडशेडिंग. त्याच वर्षी नोकिया ११०० बाजारात आला. डोक्यावर टॉर्च, धूळ शिरू नये असा कीपॅड. रात्री पाणी भरायला जाणाऱ्या माणसाला अजून काय पाहिजे? आमच्या आप्पांनी तो घेतला तो टॉर्चसाठी, फोन नंतर.

आत होती बीएल-५सी. ३.७ व्होल्ट, ८५० एमएएच. पुढे त्याच मापात ९७० आली, मग १०२०. ही १०२० वाली जुन्या ११०० मध्ये बिनधास्त चालायची. का? एमएएच म्हणजे टाकी किती मोठी ते. टाकी मोठी म्हणून नळाला जास्त पाणी येत नाही, फोन लागेल तेवढंच ओढतो. चार्जिंगला थोडा वेळ जास्त, एवढंच. जुळायला हवं ते व्होल्टेज, माप आणि संपर्काच्या पट्ट्या.

पण हिशेब बघा. ८५० वरून १०२० म्हणजे फक्त २० टक्के वाढ, आणि तीही मूळ कंपनीला टप्प्याटप्प्याने जमलेली. बाजारात मात्र त्याच मापाच्या बॅटरीवर २८०० छापलेलं स्टिकर मिळायचं! आप्पांनी तीच आणली. आठवड्याभरात टॉर्च तासभरही टिकेना. मग टेबलावर ठेवून फिरवली, तर भोवऱ्यासारखी गरगर फिरली. पोट फुगलेलं. (ही चाचणी लक्षात ठेवा, सपाट बॅटरी अशी फिरत नाही.)

बरं, अस्सल बॅटरीलाही भानगड झालीच. १४ ऑगस्ट २००७ रोजी नोकियाने जाहीर केलं, की डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ मध्ये जपानच्या मात्सुशिताने बनवलेल्या बीएल-५सी चार्जिंगवेळी शॉर्ट होऊन तापू शकतात. किती? ४ कोटी ६० लाख! तापल्याच्या तक्रारी जगभरात साधारण १००. तरी लोक मागचं झाकण उघडून बॅटरीवरचा नंबर तपासायला लागले. सदोष बॅटरी फुकट बदलून मिळणार होती.

आता तुमच्या हातातला स्मार्टफोन. इथे ‘टाकी मोठी, काय फरक पडतो’ हे पुरत नाही. फोन टक्केवारी दाखवतो ती मूळ क्षमतेच्या हिशेबाने, त्यामुळे वेगळी क्षमता टाकली की २० टक्क्यांवर फोन बंद पडू शकतो. त्याहून महत्त्वाचं, जुन्या लिथियम बॅटऱ्या ४.२ व्होल्टपर्यंत भरायच्या, आताच्या बऱ्याच ४.४ च्या आसपास. ४.२ वाली जर ४.४ पर्यंत भरणाऱ्या फोनमध्ये बसवली, तर ती रोज गरजेपेक्षा जास्त भरली जाते. आगीचा खरा धोका तिथे आहे. म्हणून दुकानात एमएएच विचारण्याआधी व्होल्टचा आकडा वाचा, आणि मॉडेल नंबर जुळतोय का ते बघा.

आप्पांचा ११०० अजून आहे बरं का. नंतर १०२० चीच टाकली. ऊस भरायला आता काका जातात, टॉर्च तोच.