मुळशीचं पाणी पुण्याला न येता कोकणात का जातं?

कोलाडला राफ्टिंग केलंय का? भर एप्रिलमध्ये, जेव्हा आजूबाजूच्या नद्या आटलेल्या असतात, तेव्हाही कुंडलिका नदी फेसाळत वाहते. हे पाणी येतं कुठून? तर घाटावरून, आपल्या मुळशीतून!

आता गंमत बघा. मुळा नदी मुळात पूर्वेला वाहते. पुण्यात मुठेला मिळते, मग भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जाते. पण मुळशी धरणात अडवलेलं बरंचसं पाणी उलटं, पश्चिमेला वळवलं जातं आणि शेवटी अरबी समुद्रात पोचतं.

कारण एकच, उंची. जलाशय सह्याद्रीच्या माथ्यावर आहे आणि कड्याखाली रायगड जिल्ह्यात भिरा गाव. बोगदा आणि पोलादी पाइपमधून पाणी तिथे सुमारे ५०० मीटर खाली येतं. पुण्याच्या बाजूला एवढा उतार नाहीच. तळाशी पाण्याचा दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या वीसपटीहून जास्त असतो. त्या जोरावर टर्बाइन फिरतं आणि वीज तयार होते.

किती वीज? आपणच हिशोब करू. वस्तुमान × गुरुत्वाकर्षण × उंची. गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीएवढं पाणी घ्या: १००० × ९.८ × ५०० म्हणजे ४९ लाख ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. थोडी ऊर्जा वाया जाते, ती सोडली तर साधारण सव्वा युनिट वीज हाती लागते. तुमचा ५००० एमएएचचा फोन एकदा पूर्ण चार्ज व्हायला ०.०२५ युनिटच्या आसपास लागतं. म्हणजे एका चार्जिंगला साधारण २० लिटर, एक मोठी बादली पाणी! हीच बादली चार मजली इमारतीवरून ओतली तर फोन दोन-तीन टक्केच चार्ज होईल.

भिऱ्याचं वीजकेंद्र टाटांनी १९२७ मध्ये सुरू केलं. वीज मुंबईला गेली, पण जमीन गेली मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांची. भाताची खाचरं, घरं, देवळं, सगळं पाण्याखाली. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते, आणि ‘सेनापती’ हे नाव त्यांना याच लढ्यामुळे मिळालं. शेकडो लोक तुरुंगात गेले, त्यात बायकाही होत्या. १९२४ पर्यंत लढा थंडावला आणि धरण झालं. धरणाविरुद्धच्या जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी हा एक, तरी शाळेच्या पुस्तकात त्याला दोन ओळी मिळाल्या तरी खूप.

आज वीज सौरऊर्जेपासून, पवनचक्कीपासून, कशापासूनही करता येते. पाण्याचं तसं नाही. त्यामुळे भीमा खोऱ्यात टंचाई पडली की हे पाणी पुन्हा पूर्वेला सोडा, ही मागणी दरवेळी वर येते. कोलाडचे राफ्ट मात्र आजही भिऱ्याहून पाणी सुटायची वाट बघतात. तिथे सकाळी लवकर का बोलावतात, ते आता कळलं असेल.