आमची पद्मिनी, मांडवीची फेरीबोट आणि आईच्या पाटल्या

परवा माळा साफ करताना बाबांची जुनी वही सापडली. एका पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘दुरुस्ती’, उजवीकडे ‘बदल’. तारीख ऑगस्ट 1991. त्या पानामागची गोष्ट सांगतो.

आम्ही म्हापशाचे. बाबा पणजीत मराठी शाळेत मास्तर. 1961 पूर्वी गोव्यात गाड्या थेट परदेशातून यायच्या. मुक्तीनंतर हळूहळू रस्त्यावर दोनच चेहरे उरले, ॲम्बॅसिडर आणि फियाट. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही फियाट बनायची. सत्तरच्या दशकात तिचं नाव ‘पद्मिनी’ झालं, पण आमच्याकडे शेवटपर्यंत ती ‘फियाट’च राहिली. 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला.

बाबांनी 1983 साली 1976 ची गाडी सेकंड हँड घेतली. नवी घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघा, आणि मास्तरच्या पगारात ते बसणारंही नव्हतं. जुनीलाही पैसे कमी पडत होते. आईने दोन पाटल्या मोडल्या. घरात ह्याची वाच्यता कोणी करत नसे, पण बाबा दर रविवारी ज्या मायेने गाडी पुसायचे, त्यावरून आम्हा भावंडांना सगळं कळायचं.

5 जुलै 1986 ला मांडवीवरचा पूल कोसळला. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना बेतीच्या धक्क्यावरच्या रांगा आठवत असतील. बाबा आणि दोन सहकारी पेट्रोलचा खर्च वाटून घेऊन आमच्याच गाडीने जायचे. गाडी रोज फेरीबोटीवर चढायची, उतरायची. मांडवीचं तिथलं पाणी खाडीचं, खारं. धक्क्याच्या उतारावर भरतीचं पाणी चाकांखाली यायचं. वर चार महिने आपला पाऊस. बाबा टप आणि बॉनेट आरशासारखं ठेवायचे, पण खाली वाकून कोण बघतो? गंज वरून येत नाही हो, खालून येतो. मॅटखाली ओल धरून राहते, दरवाज्याखालच्या पोकळ पट्टीत चिखल साचतो, आणि पत्रा आतून पोखरत जातो.

1989 मध्ये दरवाज्याखाली फुगे दिसले. एका गॅरेजवाल्याने स्वस्तात घासून, पुट्टी भरून, रंग मारून दिला. गाडी नवरीसारखी सजली. आम्ही खूश!

1991 च्या जुलैत पर्वरीच्या चढावर टायर पंक्चर झाला. बाबांनी जॅक लावला. जॅक वर आला, गाडी नाही आली. कर्रर्र आवाज झाला आणि जॅकचं टोक पट्टीतून आत घुसलं. लाल चुरा बाबांच्या चपलांवर पडला.

म्हापशाच्या आमच्या नेहमीच्या मेस्त्रीने छोट्या हातोडीने गाडी ठोकून बघितली. चांगला पत्रा ‘टण’ वाजतो, पुट्टी ‘थप’ वाजते. मग लोहचुंबक फिरवलं, बऱ्याच ठिकाणी ते चिकटेचना. मॅट उचलली तर पायाखालून जमीन दिसली.

“मास्तर, इंजिन अजून दहा वर्षं चालेल,” तो म्हणाला. “पण ह्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. हा पत्राच तिचा कणा.”

दुरुस्ती करायची तर खालचा सगळा पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. खर्च 14 हजार. शिवाय 1989 पासून नवा मोटार कायदा आलेला, 15 वर्षं झाली की गाडी पुन्हा पासिंगला न्या, आणि पुढे दर 5 वर्षांनी. त्याच वर्षी ताईला फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळालेला.

तेव्हा बाबांनी ती रेघ मारली. डावीकडची यादी लांबत गेली: इंजिन चांगलं, टायर नवे, पार्ट मिळतात, हात बसलेला. उजवीकडे एकच शब्द: पैसे. बाबांचा कल उघड होता. खरं कारण मात्र वहीत नव्हतंच.

आईने रात्री जेवताना मेस्त्रीने सांगितलेलंच विचारलं, “बाजूने ट्रक आदळला तर मध्ये काय आहे?”

बाबा गप्प.

“पाटल्या मी तुमच्या येण्या-जाण्यासाठी मोडल्या. गाडीसाठी नव्हे. त्या कधीच्याच वसूल झाल्या.”

दुसऱ्या दिवशी गाडी मेस्त्रीलाच दिली, 9 हजारांना. तिचं इंजिन दुसऱ्या एका फियाटमध्ये बसलं. पैसे ताईच्या फीकडे गेले. पुढे बाबा बसने आणि फेरीबोटीने गेले, मग 1992 मध्ये नवा पूल झाल्यावर थेट बसने. 1994 साली सेकंड हँड मारुती आली. घ्यायच्या आधी बाबा चांगल्या लेंग्यानिशी जमिनीवर आडवे झाले आणि गाडीचं पोट बघितलं. खिशात लोहचुंबक होतं.

आजही कोणी जुनी गाडी ठेवू की काढू विचारलं, की मी हेच सांगतो. इंजिन दुरुस्त होतं, ब्रेक होतात, गादी होते. एखाददुसरा दरवाजा, मडगार्ड गंजलं तर खुशाल बदला. पण जॅक लावायची जागा आणि तळ गेला असेल तर हिशेब तिथेच थांबवा. आणि समुद्राकाठी राहत असाल तर पावसाळ्यानंतर गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा.

त्या पानावर सगळ्यात खाली, उजव्या बाजूला, बाबांच्या अक्षरात पेन्सिलने एक ओळ वाढवलेली सापडली. ती मी परवा पहिल्यांदाच वाचली: ‘हिच्या पाटल्या करणे.’

1996 च्या दिवाळीत त्यांनी केल्या. आई आजही त्याच घालते.